लेकीला बैलगाडीनं आणलं, फवारणीच्या दिवसांत

आमच्या सुजाताला सातवा महिना लागला आणि तिला झरी जामणीकडच्या तिच्या गावाहून राळेगावला आणायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा म्हणाला, जीप करू. मी लगेच हो म्हटलं. प्रवासाचं नाव काढलं की मी आदल्या रात्रीपासून जागा असतो, आणि जीप निदान दारातून दारात जाते. पण सुजाता फोनवर म्हणाली, "बाबा, रिकामी जीप इकडे येईन अन् दोन माणसं घेऊन वापस जाईन. येवढं डिझेल कायले जाळता? एसटी तर तशीबी जातेच."

ती लग्नाआधीपासून अशीच आहे. एसटी जाते तिथं दुसरी गाडी करायची नाही, आणि पायी जाता येतं तिथं एसटीही नाही. हवा सगळ्यांची आहे म्हणते. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तिच्याशी वाद घालायला मला शब्द सापडत नाहीत. घरची म्हणाली, "जा तुमी, रस्ता पाहून या. खराब असला तर तिथूनच जीप सांगा." तेवढ्या बोलीवर निघालो.

राळेगावहून सकाळची पांढरकवड्याची एसटी धरावी, जागा मिळते. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट आहे, वयाचा पुरावा जवळ ठेवा. मी तो तीन वेळा खिशात चाचपला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, तुमचं तोंडच पुरावा हाय. ठेवा तो खिशात." पांढरकवड्याच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे चांगले मिळतात, पण मी घरची भाकर आणि ठेचा खाल्ला. पाणी स्टीलच्या डब्यात होतं. प्लॅस्टिकची बाटली घेतली असती तर सुजातानं दारातच बोलणी दिली असती.

झरीकडच्या दुसऱ्या गाडीनं फाट्यावर उतरलो. तिथून गाव तासाभराचं, पायी. सुजातासाठी फाट्यापर्यंत शेजाऱ्याची बैलगाडी ठरली होती. या रस्त्याबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण असा प्रवास करावा असं ज्यांच्या मनात आहे त्यांना हे कोणी सांगत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी. यंदा ती अंगानं फार वाढली आहे, माणूस आत शिरला की फक्त डोकं दिसतं. गेली काही वर्षं कापसाचं काही खरं नाही, त्यात बोंडअळी, म्हणून जो तो पाठीवर पंप घेऊन औषध फवारतो आहे. फवारताना माणसं चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेली, असं रोज पेपरात वाचत होतो. एका वळणावर वारा माझ्याकडे फिरला. गोडसर, उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि थोडं पुढं जाऊन मी बांधावर बसून ओकलो. ओकता ओकता एकच विचार. उद्या याच रस्त्यानं पोटुशी लेक न्यायची आहे, आणि तीही उघड्या बैलगाडीत.

पोचल्याबरोबर मी जावयाला म्हटलं, "मिलिंद, जीप सांगा. काचा लावून नेऊ."

सुजाता भाकरी थापत होती. म्हणाली, "अन् आपला धूर कोण घेईन? तेच पंपवाले न?"

"मले तुह्या पोटातल्याची काळजी आहे!"

"मले नाही का, बाबा?"

ती रागावली नव्हती. तिचा हात भाकरीवर थांबला होता, तेवढं मला दिसलं. तीही घाबरली होती.

तेवढ्यात शेजारचे आत्राम आले. कोलाम माणूस, बोलणं मोजकं. बैलांची बंडी त्यांचीच. सगळं ऐकून म्हणाले, "पहाटे वारा पडलेला राहते. मी हाका देत जाईन. माहेरी जाणाऱ्या लेकीसाठी रस्ता देतेत लोक. पंपही थांबवतीन."

"नाही थांबवला तर?"

"तर बैल थांबवू, मामा."

बंडीत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर टाकला, त्यावर दोन गोधड्या. सुजातानं हिरवी ओढणी ओली करून नाकातोंडाला गुंडाळली. उजाडता उजाडता निघालो, पण पंप आमच्याही आधी शेतात पोचले होते.

आत्राम उभे राहून ओरडले, "पंप थांबवा रे होऽ! लेक माहेराले चालली!"

पहिल्या शेतात पंपाची मोटार बंद झाली. कपाशीतून एक डोकं वर आलं, हात हलला. मग पुढचं शेत. मग डावीकडचं. आमच्या पुढं पुढं आवाज विझत जात होता आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला. एकानं लांबून विचारलं, "काहून जीप नाही केली, आत्रामभाऊ?" आत्राम म्हणाले, "आमच्या जीपले दोन शेपट्या हायेत." सुजाता ओढणीच्या आत हसली. मला हसू आलं नाही, मी पुढचं शेत बघत होतो.

कालच्याच वळणावर एक पंप थांबेना. आत्रामांनी दोनदा हाक दिली, तिसऱ्यांदा दिली. मोटार माणसाच्या पाठीवर, कानाजवळ, त्याला ऐकू कसं येणार? तो पाठमोरा होता आणि फवारा आमच्या बाजूला येत होता. आत्रामांनी बैल ओढून धरले. मी उडी मारली आणि धोतर सांभाळत कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून पळालो. अंगावर तुषार पडले. त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला. विशी-पंचविशीचा मुलगा, अनिल नावाचा. डोळे लाल, तोंड उघडं.

"काय झालं, बाबा?"

"गाडीत लेक आहे माही. सातवा महिना."

त्यानं खटकन मोटार बंद केली. म्हणाला, "जा, बिनधास्त जा. माह्या बायकोलेबी सहावा हाय."

"मंग तोंड कायले नाही बांधत रे?"

"बांधलं की दम लागते. पण घरी गेलो की आंघोळ करूनच जवळ जातो तिच्या."

सुजातानं हे ऐकलं. ओढणी सोडून माझ्याकडे दिली आणि पदर तोंडाला लावला. मी ती अनिलला दिली. "आता बायाची ओढणी बांधू का मी?" म्हणून तो हसला, पण घेतली. आम्ही पार होईपर्यंत पंप पाठीवर घेऊनच बांधावर बसून राहिला. फाटा दिसायला लागला तेव्हा मागून मोटार सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं. ओढणी बांधली की नाही, इतक्या लांबून दिसलं नाही.

एसटीत कंडक्टरनं सुजाताला पुढची जागा दिली. पांढरकवड्यात अर्धा तास थांबावं लागलं, बाकी काही त्रास नाही. दुपारी राळेगाव. दवाखान्यात दाखवून आणलं, सगळं ठीक आहे म्हणाले. माझा विश्वास बसला नाही, म्हणून परत विचारलं.

तर वाचकहो, असं जाता येतं. एसटी आहे, बंडी आहे, हाक दिली तर माणसं थांबतात. फवारणीच्या दिवसांत मात्र पहाटे निघा, तोंड बांधा, आणि शेतातल्या कुठल्याही डब्यातलं पाणी पिऊ नका, तो औषधाचा असू शकतो.

बाळ अजून व्हायचं आहे. मी रोज सकाळी मिलिंदला फोन लावतो. सुजाताला वाटतं, तिची खुशाली कळवायला. ती कळवून झाली की मी विचारतो, "तो अनिल बरा आहे न?"

काल मिलिंद म्हणाला, "बरा आहे, बाबा. आज आमच्या घरामागच्याच शेतात फवारते. आयका." आणि फोन दाराबाहेर धरला. लांबून पंपाचा आवाज आला. त्या दिवशी वळणावर तो आवाज बंद व्हावा म्हणून मी धावलो होतो. काल मात्र चालू आहे हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली, कारण पंप चालू म्हणजे तो अजून त्याच विषात उभा. फोन कानाला लावून तसाच बसलो. मध्येच आवाज थांबला.

"मिलिंद," मी म्हटलं, "जा, पाहून या."