थोडंसं गार लागीन

"थोडंसं गार लागीन हां," असं म्हणत सिस्टर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायच्या आणि समोरच्या पांढऱ्या टाईलवर टेकवायच्या. हो, टाईलवर. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे लावतात तसली चकचकीत टाईल. मी एकदा न राहवून विचारलं, "सिस्टर, तिले काय कळते?"

"तिले नाही कळत भाऊ, पण मायी जीभ आता ऐकत नाही."

उभा जन्म इंजेक्शनं देण्यात गेलेल्या बाईची जीभ ती, ऐकणार कशी?

माझं औषधांचं दुकान अमरावतीत, आमच्या वस्तीतल्या लसीकरण केंद्राच्या बरोबर समोर. सिस्टरांनी आधी अकोटच्या बाजूची खेडी केली, मग मूर्तिजापूर, मग अचलपूर, आणि शेवटची काही वर्षं या केंद्रात. एवढ्या मुलखातले निम्मे दंड तुमच्या ओळखीचे असतील, असं मी त्यांना चिडवायचो. दुकानदाराला माणसं चटकन कळतात असा माझा एक समज आहे. तो दर आठवड्याला खोटा ठरतो, तरी मी सोडलेला नाही. निवृत्त झाल्यावर सिस्टर पुण्याला लेकीकडे जातील, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या कुठेही गेल्या नाहीत. उलट लेकीनेच पुण्याहून रंगांचा खोका पाठवला, आईचा वेळ जावा म्हणून.

खोका आला माझ्या दुकानात, कारण दुपारी शेजारीच असलेल्या त्यांच्या घराला कुलूप होतं. त्यावर ठळक अक्षरात 'अल्कोहोल इंक' असं छापलेलं. माझ्या बाकावर बसणाऱ्या मंडळींनी त्यातला पहिला शब्द तेवढा वाचला. संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांत बातमी, की सिस्टरबाईंनी या वयात सुरू केली म्हणून. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "सांगा त्यायले, सुरू केली म्हणा. पण मी पीत नाही, फरशीले पाजून राहिली."

तुम्ही ही शाई पाहिली नसेल तर सांगतो. टाईलवर रंगाचा एक थेंब सोडायचा, त्याच्या शेजारी स्पिरिटचा, आणि शीतपेयाच्या नळीने हलकी फुंकर मारायची. रंग पळत सुटतो आणि कडेला जाऊन थांबतो. त्याची पाकळी होते, नाहीतर पंख होतो. फुलपाखराच्या मिशा त्या इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने काढायच्या. पंखा चालू ठेवला तर रंग भलतीकडे जातो, म्हणून आमच्या अमरावतीच्या उन्हाळ्यात ही बाई कूलर-पंखा बंद करून बसायची. घाम टाईलवर पडू नये म्हणून कपाळाला बँडेजची पट्टी. कोणी पाहिलं तर डोकं फुटलंय असं वाटावं.

पळस काढायच्या, पांगरा काढायच्या, आंब्याचा मोहोर काढायच्या. पण त्यांचा जीव होता संत्र्याच्या फुलांवर. ते फूल पांढरं, आणि त्यांच्या खोक्यात पांढरी बाटलीच नव्हती. मग त्या आधी सगळीकडे हिरवा पसरवत आणि मधोमध नुसत्या स्पिरिटचा थेंब सोडत. रंग मागे सरके आणि खालची टाईल फूल होऊन वर येई. हे पाहताना मी गिऱ्हाईक सोडून उभा राहायचो, आणि मी गिऱ्हाईक सहसा सोडत नाही.

त्यांच्या भावाची अचलपूरकडे संत्र्याची बाग. ते एकदा आले, टाईलवरचं काळं-पिवळं फुलपाखरू पाहून भडकलेच.

"याच्याच अळ्या मायी रोपं खाऊन राहिल्या, अन् तू याचं चित्र काढतं?"

"इथं तं कोणाचं खात नाही ना थे," सिस्टर म्हणाल्या. "बस, चहा घे."

अशा या हसऱ्या बाईला एक सल होता, आणि तो मला एका लग्नामुळे कळला. मूर्तिजापूरला कुण्या ओळखीच्यांकडे लग्न होतं. या आहेर घेऊन स्टेजवर चढल्या. नवरदेवाला लहानपणी यांनीच सगळ्या लसी दिलेल्या. त्याने यांना ओळखलं आणि नकळत स्वतःचा दंड चोळायला लागला. फेटा, हार, मुंडावळ्या आणि दंड चोळणारा नवरदेव. सगळा मांडव हसला, याही हसल्या. दुसऱ्या दिवशी कापूस घ्यायला दुकानात आल्या तेव्हा मात्र हसत नव्हत्या.

"भाऊ, मले पाह्यलं की लोकायले दुखणंच आठवते. लहान लेकरं तं रस्त्यानं मले पाहून मायच्या मागं लपतात. मरणाच्या आधी मले असं काही कराचं हाय, की एखादं लेकरू मायी आठवण काढन अन् रडणार नाही."

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. तुमच्यामुळे किती मुलं वाचली वगैरे. ते खरंच होतं, पण त्यांना ते नको होतं.

मग एक दिवस त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरांकडून परवानगी काढली. लस देतात त्या खोलीच्या भिंतीवर त्यांची एक टाईल बसवायची. उंची ठरवायला त्या स्वतः स्टुलावर बसल्या, मांडीवर उशी घेऊन, आणि उशीचे डोळे कुठे येतील त्याचा अंदाज घेतला. गवंड्याला म्हणाल्या, "इथं. मायच्या मांडीवरून दिसली पाह्यजे." टाईलवर संत्र्याची डहाळी आणि भावाचं ते शत्रू फुलपाखरू. वरून लॅकरचा एक हात देऊन घ्या, म्हणजे रंग पक्का होईल, असं मी बजावलं होतं. "घेऊ ना," म्हणाल्या, आणि ते राहून गेलं.

लसीकरणाच्या पहिल्याच सकाळी आम्ही पाहतो तर टाईलवर फुलपाखरू नाही, फूल नाही. नुसता हिरवा-पिवळा राडा. सफाईच्या मावशी हातात ओलं फडकं घेऊन रडकुंडीला आलेल्या.

"तुमीच तं शिकवलं होतं सिस्टर, कोरोनात! लेकरायचा हात लागते थिथवर भिंत सुदीक स्पिरिटनं पुसाची म्हणून!"

खरंच होतं ते. हा नियम सिस्टरांनीच घालून दिला होता, आणि मावशींनी तो इमानेइतबारे पाळला होता. मी म्हटलं, आता भडका उडणार. सिस्टरांनी टाईलवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चांगलं पुसलं व माय. काही ठेवलं नाही." एवढंच. पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पहिलं पोरगं आत आलं आणि सिरिंज पाहून भोकाड पसरलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टर त्याला धरू पाहत होत्या, आई घामाघूम. आमच्या सिस्टर त्या राड्यापुढेच उभ्या होत्या. जुन्या सवयीने त्यांनी बोळा भिजवला, पण समोरचा दंड आता नव्या सिस्टरांचा होता. म्हणून तो त्यांनी टाईलवर टेकवला. "थोडंसं गार लागीन हां."

रंग सरकला. राड्याच्या मधोमध एक पांढरं फूल उमललं. पोरगं रडता रडता थांबलं. सिस्टरांनी बोळा त्याच्याच हातात दिला. त्याने तो टेकवला, दुसरं फूल आलं. तिसरं येईपर्यंत नव्या सिस्टरांनी लस देऊन टाकली होती. पोराला ते कळलं तेव्हा रडायचा मुहूर्त टळून गेला होता.

दुपारी मी लॅकरचा डबा घेऊन गेलो. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. पक्कं झालं तं लेकरू पुसन काय?"

तेव्हापासून तेच चालू झालं. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर यायच्या, टाईल स्वच्छ करून नवं फुलपाखरू काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरं ते पुसून टाकायची. जीव ओतून काढलेलं चित्र दर वेळी पुसू द्यायचं, हे मला काही पटत नसे. मी तसं बोलूनही दाखवायचो. त्या म्हणायच्या, "फुलपाखरू काय डांबून ठेवाले असते?" मावशी मात्र त्या भिंतीला पुन्हा कधी फडकं लावेनात. बाकीची खोली लखलखीत, आणि टाईलभोवती हातभर जागा तशीच.

या वसंतात सिस्टर आजारी पडल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा एक तरुण नर्स त्यांना सलाईन लावत होती. काही न बोलता तिने हाताला बोळा लावला. सिस्टरांनी डोळे उघडले. "सांगत जाय ना व पोरी, गार लागीन म्हणून. त्यानं निम्मं दुखणं कमी होते." ती पोर ओशाळून हसली. माझं आणि सिस्टरांचं तेच शेवटचं भेटणं.

केंद्रातल्या टाईलवर त्यांनी काढलेलं शेवटचं चित्र तसंच होतं. संत्र्याची डहाळी, पांढरी फुलं, काळं-पिवळं फुलपाखरू. ते जपायचं असं सगळ्यांनीच ठरवलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी ठरवलं. नव्या सिस्टरांनी त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला. पुढच्या लसीकरणाला मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. त्या सकाळी खोलीत जी रडारड झाली ती माझ्या दुकानापर्यंत ऐकू गेली असणार. एक फ्रॉकवाली मुलगी तर आईच्या मांडीवरून खाली घसरून दाराकडे पळाली.

दारात मावशी होत्या. त्यांनी तिला कडेवर उचललं, सरळ भिंतीशी गेल्या आणि नखाने प्लास्टिक सोलून काढलं. "मावशी!" मी ओरडलोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोळा भिजवून मुलीच्या हातात दिला. "पुस बाप्पा. पुसासाठीच काढलं हाय थे."

मुलीने बोळा फुलपाखराच्या पंखावर टेकवला. पंख हळूहळू विरघळला आणि त्याच्या जागी एक पांढरं फूल वर आलं. मागून नव्या सिस्टर तिच्या दंडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "थोडंसं गार लागीन हां."

मी दुकानात परतलो. डोळे पुसायला कापूस भरपूर होता. थोड्या वेळाने तीच मुलगी आईचं बोट धरून बाहेर आली. माझ्या काउंटरशी तिचे वडील तापाचं औषध घेत उभे होते. त्यांनी विचारलं, "लय दुखलं काय व?"

तिने दंड चोळला नाही. हिरवी झालेली बोटं त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "पप्पा, म्या फूल काढलं."