पाळण्यात वरवंटा

कळमनुरीत तेव्हा मी आणि माझी चार महिन्यांची लेक, दोघीच राहायचो... भाड्याची एक खोली. माझी नोकरी इथल्या शाळेत, बाळंतपणाची रजा वाढवून घेतलेली; हे पुण्याला कंपनीत. सासूबाई कुरुंद्याला, आणि माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. एसटीडी बूथवर रांगा लागायच्या तेव्हाची गोष्ट आहे.

एका दुपारी लेक पाळण्यात झोपली होती. लोखंडी पाइपचा स्टँड, दोन हुकांना अडकवलेली कापडी झोळी, वर सशांची चित्रं... ह्यांनी नांदेडहून हौसेनं आणलेला. ती चुळबुळ करायला लागली म्हणून एक झोका दिला आणि दूध उतू जाईल म्हणून गॅसकडे वळले. मागून धप्पकन आवाज आला.

डोक्याकडचा हूक सुटला होता. लेक खाली फरशीवर... आधी आवाजच नाही, मग असा टाहो फोडला की तिला उचलून मी तशीच दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी तपासलं, टेंगूळ आलंय, बाकी काही नाही म्हणाले.

सासूबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आल्या. लेकराची दृष्ट काढली आणि मला म्हणाल्या, "काहून गं, ध्यान कुठं व्हतं तुझं? आमच्या लुगड्याच्या झोळीतून एक बी लेकरू पडलं न्हाई." हळद शिजवायचे दिवस होते, संध्याकाळी परत गेल्या. फोनवर ह्यांचंही तेच... तू नीट अडकवला नसशील.

मी अडकवला होता. रोज सकाळी दोन्ही हूक ओढून बघायचे मी. पण सगळेच एक म्हणायला लागले की आपलं आपल्यालाच खरं वाटेनासं होतं. लेकीला मी आता खाली गोधडीवरच निजवायची... आणि हे सांगू कुणाला?

पाळण्याच्या खोक्यावरचा पत्ता बघून त्या कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं इंग्रजीत, दोन ओळींचं... ग्राहकानं जोडणी चुकीची केली आहे. घ्या. माझ्या माथी खापर फोडायला आता छापील लेटरहेडही आलं. दुकानदारानं तर कानांवर हातच ठेवले.

मला भयंकर राग आला. खरं सांगते, त्या दिवसांत त्या रागाचीच काय ती सोबत होती. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी लिहिलं, पैसे नकोत, पाळणा बदलून नको, फक्त माणूस पाठवा आणि एकदा डोळ्यांनी बघून जा.

आणि चक्क माणूस आला. चाळिशीचा, खांद्याला बॅग, बसच्या धुळीनं माखलेला... आपल्याच भागातला होता. पाणी प्याला, हूक उलटसुलट करून बघितले. "बराबर तर आहे की ताई सगळं," म्हणाला आणि रिकामा पाळणा हलवायला हात घातला.

रिकामा नका हलवू म्हणून मी ओरडलेच. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. रिकामा पाळणा हलवला की लेकराला तकलीफ होते, हे त्याच्याही घरात पाळत असणार. लेकीला तर मी त्यात ठेवणार नव्हतेच... आता तपासायचं कसं?

मग त्याची नजर ओट्याखालच्या पाटा-वरवंट्याकडे गेली. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात ना, तसाच त्यानं तो उचलला. माझ्याकडून दुपटं मागून घेतलं, नीट गुंडाळला, पाळण्यात ठेवला. दोन्ही हूक स्वतःच्या हातानं अडकवले आणि झोके द्यायला लागला.

कंपनीचा माणूस पँट-शर्टात उभा राहून वरवंट्याला झोके देतोय... एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा लेकीला छातीशी धरून दारात उभी होते. हूक नाहीच सुटला तर? मग सगळे म्हणतात तेच खरं. मग मीच.

बराच वेळ काही झालं नाही. तो आता थांबणार एवढ्यात हूक सरकत सरकत बाहेर आला आणि वरवंटा खाली आदळला. फरशीचा टवका उडाला.

लेक दचकून रडायला लागली. तो माणूस खाली बसला आणि दुपटं बाजूला करून उगाच त्या दगडावरून हात फिरवत राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता. म्हणाला, "न्हाई ताई, तुमची काहीच चूक न्हाई. मी बी बराबर अडकवला, तरी सुटला."

मी पदर तोंडात धरून रडले... परक्या माणसापुढे. त्याला वाटलं मी लेकीच्या काळजीनं रडतेय.

नवीन पाळणा पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, पाळणा नको, कुरुंद्याला चला आणि आमच्या सासूबाईंना एवढं एकच वाक्य सांगा. तो कसनुसं हसला. नांदेडची गाडी चुकली असती त्याची... गेला.

संध्याकाळी लेकीला घेऊन बूथवर गेले. ह्यांना सगळं सांगितलं... वरवंटा, हूक, तो माणूस काय म्हणाला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं झालं. मग नवा कधी देणार?"

मी फोन ठेवला. घरी येऊन लेकीला मांडीवर घेतलं आणि तिलाच सांगितलं, आईची चूक नव्हती गं. ती माझं बोट चोखत होती. दोनतीनदा सांगितलं.

त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुठे असाल तिथे सुखी राहा, दादा... तेव्हा माझ्या बाजूनं बोललेले तुम्ही एकटेच.