चावीवाल्याचं तिकीट

दोष अण्णांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत परिस्थितीला दोष देत बसाल. आमच्या पक्षात सगळे परिस्थितीलाच दोष देतात. ती बिचारी खुलासा मागायला येत नाही!

पक्षाच्या ऑफिसात किस्से जुन्या बॅनरांसारखे साठतात. कुणी वापरत नाही, कुणी फेकत नाही, आणि एक ओढायला जावं तर खालचे सहा बाहेर येतात. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि पुढची सहा वर्षं त्या ढिगाशेजारी काढली. पंचवटीतलं ऑफिस, अण्णांच्या वकिलीच्या खोलीला लागून. तेव्हा नाशिकला महापालिका नव्हती, नगरपालिका होती. मला एकच हवं होतं: आमच्या वॉर्डाचं तिकीट.

*

ऑफिसात एक गादी होती. पांढरी चादर, तीन लोड. मधल्या लोडाला अण्णा, शहराध्यक्ष. उजव्या लोडाला भाऊसाहेब, भाजीबाजारातले मोठे अडते. डाव्या लोडाला गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. बाकीचा पक्ष समोर सतरंजीवर.

एकदा भाऊसाहेब महिनाभर आजारी होते. अण्णांनी त्यांचा लोड उचलून कपाटात ठेवायला लावला. चुकून कुणाला टेकावंसं वाटायला नको!

मी विचारलं, "अण्णा, तरुणांना संधी कधी?"

"तुझं वय काय रे, दिन्या?"

"पंचवीस."

"मग घाई काय आहे? मी बावन्नाव्या वर्षीसुद्धा युवक आघाडीतच होतो!"

*

काशिनाथ आमच्या पक्षात नव्हता. कुठल्याच पक्षात नव्हता. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता. छातीएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून यायचा, रस्त्यातलं झाकण उघडायचा, चावी फिरवायचा, की आळीला पाणी. सकाळ-संध्याकाळ, सतरा वर्षं. कुठे बाळंतीण आहे, कुठे तेरावं आहे, त्याला पाठ. त्या आळीला दहा मिनिटं जास्त.

एका संध्याकाळी अण्णांची सभा होती. विषय: पाणीटंचाई. अण्णा रंगात आलेले. "या वॉर्डाच्या घशाला पडलेली कोरड..." एवढ्यात नळ खळखळले. दोन मिनिटांत मैदान रिकामं! समोर उरलो मी, माइकवाला आणि एक गाय.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी काशिनाथला बोलावून घेतलं. "पाच मिनिटं उशिरा सोडता येत नव्हतं पाणी?"

तो म्हणाला, "अण्णा, ती पाण्याची वेळ होती. भाषणाची वेळ तुम्ही ठरवली."

गाय गेली नव्हती, हे मी अण्णांना सांगून पाहिलं. ते आणखी चिडले!

*

माळी समाजातल्या एका लग्नातली गोष्ट. अण्णांना पुढचा सोफा, गुलाबाचा हार तयार. वधूपिता हार घेऊन निघाले आणि मांडवाच्या दारात काशिनाथ दिसला. पंगतीला पाणी पुरतंय का, एवढंच बघायला आला होता. खाकी चड्डी, गुडघ्यापर्यंत चिखल. वधूपिता तसेच वळले आणि अण्णांचा हार त्याच्या गळ्यात!

अण्णांनी मान पुढे केलेली होती. ती परत घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

भाऊसाहेब कुजबुजले, "चावी फिरवायला काय अक्कल लागते?"

गुरुजी म्हणाले, "मॅट्रिक तरी झालाय का तो?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सहा वर्षं मी या वॉर्डात घोषणा देत फिरलो, भिंती रंगवल्या. त्या मांडवात मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. आणि त्याला म्हातारेसुद्धा 'काशिनाथदादा' म्हणत होते. जळलो. गादीवाल्यांइतकाच जळलो.

*

निवडणूक लागली. वीसेक बायका रिकामे हंडे घेऊन ऑफिसात शिरल्या. पुढे मथुराबाई, बाजारात मेथी विकणारी.

"आमच्या वार्डात काशिनाथदादाला उभं करा."

गुरुजी म्हणाले, "बाई, सभागृहात बोलावं लागतं. त्याला बोलता येत नाही."

"तुमाला येतं ना? मग नळाला पानी का नाय येत?"

भाऊसाहेब म्हणाले, "पण पक्षासाठी केलंय काय त्याने?"

"पक्षाला तहान लागली व्हती का?"

जाताना एक हंडा गादीवर राहिला. मुद्दाम की चुकून, ठाऊक नाही. अण्णांनी मला तो परत द्यायला पाठवलं. मी दारात उभा, तर मथुराबाई म्हणाली, "तू कोन रं? त्या वकिलाचा गडी का?"

*

तिकिटाचा निर्णय करायला जिल्ह्याने निरीक्षक पाठवले. घोटीचे शेठ, तांदळाचे व्यापारी. माणूस तांदूळ पारखतो तसा आम्हाला पारखायला बसला. एकेकाला आत बोलावलं, चिठ्ठी दिली. "दोन नावं लिहा. पहिली पसंती, दुसरी पसंती. कुणाला दाखवू नका."

इच्छुक चौघं: अण्णांचा भाचा, भाऊसाहेबांचा जावई, स्वतः गुरुजी आणि मी. चिठ्ठ्याही चार: अण्णा, भाऊसाहेब, गुरुजी, मी.

आता बघा. पहिलं नाव प्रत्येकाने आपलं किंवा आपल्या माणसाचं लिहिलं. दुसरं कुणाचं लिहिणार? भाच्याचं लिहावं तर अण्णा वाढतात. जावयाचं लिहावं तर भाऊसाहेब वाढतात. ज्याला तिकीट मिळणं शक्यच नाही असं एखादं बिनधोक नाव हवं.

शेठ बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कमाल आहे बुवा! इतकं एकमत मी जिल्ह्यात पाहिलं नाही. चारही चिठ्ठ्यांवर काशिनाथ!"

गादीवर तिघं, सतरंजीवर मी. कुणी कुणाकडे बघेना.

पहिल्यांदा अण्णांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

*

नगरपालिकेच्या नोकराला निवडणूक लढवता येत नाही. आधी राजीनामा हवा. काशिनाथ कचरत होता. घरी तीन पोरी, दुसरी मिळकत नाही.

"अण्णा, पडलो तर?"

"पक्ष आहे ना पाठीशी! आण कागद, मीच लिहितो."

अण्णांनी लिहिला. सकाळी दिलेला राजीनामा दुपारी मंजूर! त्या नगरपालिकेत मेलेल्या कुत्र्याचा अर्ज तीन महिने फिरायचा, कुत्रं उचलायच्या आधी. मला तेव्हाच वास यायला हवा होता. आला होता, खरं तर.

त्याच दुपारी अण्णांनी मला बाजूला घेतलं. प्रथमच खांद्यावर हात. "दिनू," म्हणाले. दिन्या नव्हे, दिनू! "पक्षाच्या पत्रात एक पर्यायी नाव घालावं लागतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर तो उभा राहतो. तुझं घालतोय. गप्प राहायचं."

संध्याकाळी काशिनाथ चावी घेऊन आला. "अण्णा, चावी जमा करून घ्यायला खात्यात कुणी नाही. म्हणतात, नवा माणूस परवा येईल. काय करू?"

"राहू दे तुझ्याकडेच," अण्णा म्हणाले. "दोन दिवस तूच सोड पाणी. लोकांनी काय तहानलेलं राहायचं?"

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, दिनूभाऊ?"

मी वकिलाच्या ऑफिसात सहा वर्षं काढली होती. मला कळत होतं. मी म्हणालो, "बरोबर."

*

छाननीच्या दिवशी काशिनाथ धुतलेला पायजमा घालून आला. सकाळचं पाणी सोडून, हात धुऊन.

अधिकाऱ्यांनी एक हरकत वाचली. हरकत विरोधी पक्षाच्या नावाने होती, पण तिच्यातला 'र' अर्धाच उठला होता. तसा अर्धा 'र' नाशकात एकाच टाइपरायटरवर उठायचा. त्या मशीनवरची धूळ मी पुसायचो.

"सदर उमेदवार नगरपालिकेची चावी बाळगून आजही पाणी सोडतो. सबब तो अद्याप नोकरीत आहे."

अधिकारी म्हणाले, "आज सकाळी पाणी सोडलंत?"

"सोडलं ना, साहेब. नवा माणूस आला नाही. लोक थांबले होते."

"वकीलसाहेब, तुमच्या उमेदवारातर्फे काही म्हणणं?"

अण्णा उठले. कोट सारखा केला. "कायद्यापुढे आम्ही काय बोलणार?"

अर्ज बाद. अधिकाऱ्यांनी पक्षाचं पत्र उघडलं आणि पर्यायी नाव वाचलं. अण्णांचा भाचा. तो तिथे आलासुद्धा नव्हता. घरी झोपला होता.

काशिनाथ टेबलाशीच उभा होता. म्हणाला, "साहेब, मग मी नोकरीत आहे, एवढं लिहून द्या."

"ते नगरपालिकेला विचारा."

मी त्याच्याबरोबर गेलो. का गेलो, विचारू नका. खात्यातल्या क्लार्कने फाइल काढली, राजीनाम्यावरचा मंजुरीचा शिक्का दाखवला आणि चावी जमा करून घेतली. बाहेर आल्यावर काशिनाथ सायकलवर बसला, आणि चावीचं वजन नाही म्हणून सायकल भलतीकडेच वळली. सावरत म्हणाला, "दिनूभाऊ, उद्या तुमच्या आळीत पाणी कोण सोडणार, काही बोलले का ते?"

निवडणुकीच्या कागदावर तो नोकरीत होता, म्हणून उमेदवारी गेली. नगरपालिकेच्या कागदावर नव्हता, म्हणून सतरा वर्षांची नोकरी गेली.