हरल्याला किती?

निकाल कुठलाही असो, पतपेढीचा नाहीतर दिल्लीचा, जिंकलं कोण हे भागीकाकीने कधी विचारलं नाही. "हरल्याला किती पडली गो?" एवढंच. लांज्याजवळच्या वाडीत आमचं दोघींचं अंगण एकच. मी चिडवायची, "हरल्याच्या मतांची भाजी करतेस का, काकी?"

"तुला तरी समजाया हवा," ती म्हणायची.

खरंच हवं होतं. मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. पंचायतीच्या निवडणुकीआधी देवळात बैठक झाली, नारळाला हात लावून शपथा झाल्या, सगळी मतं एकालाच द्यायचं ठरलं. निकालात मात्र आमच्या वाडीचं एक मत फुटलेलं! देवळात पुन्हा बैठक भरली आणि सगळ्या नजरा माझ्यावर. शिकलेली, परगावची, दुसरं कोण असणार? तेवढ्यात काकी उठली.

"तिच्याकडं काय बगताव? ता मत माजा हाय. खालच्या वाडीची बाय पान्यासाठी उभी रायली, तिला दिला. नारलाला हात मी लावलाच नव्हता."

त्या पावसात तिच्या लावणीला वाडीतलं कोणी आलं नाही. मला सासऱ्यांनी उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. वाकून वाकून तिने एकटीने शेत लावलं आणि संध्याकाळी मला हाक मारून आमटी दिली. बाई होती की कातळ, देव जाणे!

तिची लेक सुनंदा नर्स होऊन अमेरिकेत गेली, नेब्रास्कात. मक्याची शेतं आणि लहान लहान गावं. तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या सकाळी काकी भात वाळत घालत होती. माझ्या फोनवर सुनंदा हुंदके देत होती.

"आई, सगळं राज्य पलीकडे गेलं गं. माझ्या दारात आमच्या उमेदवाराची पाटी आहे, गावाने पाहिलीय. ती काढते आणि शहरातच जाते राहायला."

"हरल्याला किती पडली तुज्या गावात?"

"असतील चाळीस-पन्नास."

"येवडी?" काकी खळखळून हसली. "गो बाय, माज्या टायमाला आख्ख्या वाडीत एकच होता, ता पन माजाच! पाटी ऱ्हाऊ दे. बाकीच्यांनी मंग बगायचा कुनाकडं?"

सुनंदा अजून तिथेच आहे. काकी यंदा शिमग्याआधी गेली. परवा पंचायतीचा निकाल लागला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हरल्याला किती?"

वाडीच्या ठरावाविरुद्ध सात मतं पडली होती. कोणाची, हे या खेपेला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उठून उभी राहिले असते.