बेसवाल्याचा नंबर

आमच्या आत्याला हळू बोलता यायचं नाही. त्यात तिचा काही दोष नव्हता. सोड्याच्या कारखान्यात ती बाटल्या तपासायची. दिव्यापुढून रिकाम्या बाटल्या सरकत जायच्या, तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला टाकायची. दिवसभर काचेवर काच. शेजारणीला नुसतं 'जरा सरक' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. तीच सवय घरात. ती आमच्याकडे एखादं गुपित सांगायला आली की बाबा आधी उठून खिडक्या लावून घ्यायचे.

तिला जॅझ ऐकायला नेलं मीच. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि नवं काहीतरी करायची हौस होती. बुटांच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. डुगडुगत्या खुर्च्या, छोटी टेबलं, कोपऱ्यात कॉफीचं काउंटर. दर रविवारी दुपारी तिथं चौघं जण वाजवायचे: सॅक्सोफोनवाला, पियानोवाला, ड्रमवाला आणि बेसवाला. आज तिथं गाद्यांचं गोदाम आहे. परवा त्या जिन्यावरून जाताना पाय आपोआप थबकले, आणि आत्याची अशी काही आठवण आली की भर रस्त्यात डोळे पुसावे लागले.

त्या चौघांचं वाजवणं नव्या वळणाचं. शब्द नाहीत, गाणं नाही. एक धून घ्यायची, ज्यानं त्यानं ती मनाला येईल तिकडे न्यायची आणि परत जाग्यावर आणायची. पहिल्या रविवारी आत्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ह्यांची वाद्यं जुळायची कधी गं?" अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. ड्रमवाला हसला म्हणून बरं, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बेसवाल्याचा नंबर आला. त्यांच्यात तशी पद्धतच होती. एकेक जण एकटा वाजवायचा आणि त्याचं झालं की लोक टाळ्या वाजवायचे. बेस म्हणजे डोक्याच्याही वर जाणारं तारांचं लाकडी धूड, उभं धरून बोटांनी छेडायचं. आवाज एकदम खालचा. तो सुरू झाला की लोकांना हमखास कॉफी आठवायची. खुर्च्या सरकायच्या, गप्पांना ऊत यायचा. आत्या मात्र गप्प झाली आणि बरगडीखाली हात धरून बसली.

"हा कानाला टोचत नाही बघ," ती म्हणाली. "हा इथं ऐकू येतो."

आणि मागं वळून तिनं जे काही "श्शऽऽ" केलं, त्यानं कॉफीवाल्या बाईच्या हातातला चमचा खाली पडला.

तिथून पुढं रविवार म्हणजे रविवार. कुणाचं लग्न असो, कुणी आजारी असो, आत्या चार वाजता पहिल्या रांगेत. नेहमीची माणसं ठरलेली होती. एक रिटायर झालेले दातांचे डॉक्टर, एक बस कंडक्टर, शिवणाच्या दुकानातल्या दोघी बहिणी. बेसवाल्याचा नंबर आला की आत्या मान वळवून सगळ्यांवर नजर फिरवायची. तिचं नावच पडलं, हेडबाई. पण गंमत अशी की तिच्या धाकानं गप्प बसलेली माणसं हळूहळू खरंच ऐकायला लागली. डॉक्टर एकदा तिला म्हणाले, "हेडबाई, इतकी वर्षं मी नेमका ह्याच्याच वेळी उठून बाथरूमला जात होतो. काय गमावलं हो मी!" आत्याला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

आणि नेमका तेव्हाच बेसवाला आटायला लागला. आधी लांबलचक वाजवायचा, ते थोडक्यात आटपायला लागला. मग तर नंबर आला की नुसती मान हलवायचा आणि पियानोवाला पुढं वाजवायचा. आत्याचा जीव खालीवर. त्यात कॉफीवाल्या बाईनं बातमी दिली, की ह्या महिन्यानंतर तो सोडून चाललाय. आत्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

मध्यंतरात तिनं त्याला जिन्यापाशी गाठलं. दिवसा तो घरांच्या भिंती रंगवायचा. नखांत पांढरा रंग, हातात बिस्कीट.

"तुम्हाला बरं नाही का? की हे तिघं काही बोलले?"

तो इतका लाजाळू, की बिस्किटाकडे बघून बोलला. "ताई, रागावणार नसाल तर सांगतो. पूर्वी माझ्या वेळी लोक गप्पा मारायचे ना, ते मला बरं वाटायचं. कुणाचं लक्ष नाही म्हटल्यावर हात सुटायचे. चुकलं तर चुकलं. आता सगळे श्वास रोखून बघत बसतात. बोटांना घाम फुटतो हो."

"अहो, पण आम्हाला आवडतं म्हणून बघतो!"

"तेच ना," तो म्हणाला. "तुम्हाला आवडतं, म्हणून तर भीती वाटते."

घरी जाताना बसमध्ये आत्या हातातलं तिकीट चुरगळत बसली. दारात आल्यावर म्हणाली, "मीच गं. माझ्या हातानं घालवला मी त्याला." मी खूप समजावलं, पण तिला ते लागलं ते लागलंच.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर. टेबलाटेबलापाशी जाऊन बजावलं, "आज त्याचा नंबर आला की बोलायचं. काय वाट्टेल ते बोला, पण बोला."

डॉक्टर उखडले. "वा रे वा! आधी गप्प बसायला शिकवलंत, आता कुठं ऐकायला लागलो तर बडबड करा म्हणता?"

"तो राहायला हवाय की नकोय?" आत्यानं विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. शिवणाच्या दुकानातल्या धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

नंबर आला. पियानो थांबला. आयत्या वेळी एकाचंही तोंड उघडेना. बेसवाला मान हलवणार, तेवढ्यात आत्या माझ्याकडे वळली आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाली, "अगं, तुमच्या त्या गळक्या नळाचं काय झालं?"

"प्लंबर येऊन गेला," मी म्हटलं. "अजून गळतोच आहे."

मग डॉक्टरांनी कंडक्टरला त्याच्या दाढेबद्दल विचारलं. बहिणी दोऱ्याच्या रंगावरून भांडायला लागल्या. काय ते नाटक! तोंडं एकमेकांकडे आणि कान सगळ्यांचे स्टेजवर. बेसवाल्यानं एकदा वर बघितलं, मान खाली घातली, डोळे मिटले आणि सुरू झाला. बोटं वर गेली, खाली आली, एकाच तारेवर रेंगाळली, मग सुसाट सुटली. सॅक्सोफोनवाला स्टेजच्या पायरीवर बसला तो उठेचना. मी नळाबद्दल काहीबाही उत्तरं देत होते आणि हातावर काटा उभा राहिला होता. आत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती ओरडत होती, "वॉशर बदल म्हणावं त्याला, वॉशर!"

संपल्यावर लोकांनी बेतानंच टाळ्या वाजवल्या. आत्यानं तर दोन बोटांनी, वाजवल्यासारख्या केल्या. ते तिला किती जड गेलं, ते मी शेजारी बसून बघितलं.

खाली उतरलो तर बेसवाला पाठीवर ते धूड घेऊन निघालेला. चेहरा खुललेला. "ताई, पुढच्या रविवारी येताय ना? मी आहे."

"बघू," आत्या म्हणाली. "सवड मिळाली तर."

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग माझं मनगट गच्च धरलं. "काय वाजवलं गं त्यानं? माझ्याच बडबडीत मला काही ऐकू आलं नाही. तू ऐकलंस ना? म्हणून दाखव ना गं!"

माझा गळा म्हणजे आनंदच. तरी बुटांच्या दुकानासमोर उभी राहून, जेवढं लक्षात राहिलं होतं तेवढं मी गुणगुणले. आत्यानं कान अगदी माझ्या तोंडाशी आणला होता.

"एवढंच?"

"एवढंच आठवतंय गं."

"मग तेवढंच परत म्हण."

आमची बस आली, थांबली, निघून गेली. मी परत म्हटलं.