काउंटरवरचं तोंड

त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, माणसं स्वतःच घेऊन येतात. केडगावात आमच्या डॉक्टर मॅडमकडं मी केसपेपर काढायला बसते. दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नाही, ही मॅडमची पहिली ताकीद. म्हणून किस्से ऐका, माणसं शोधू नका! आणि पहिली फजिती माझीच.

माझं तोंड पिंपल्सनी भरलेलं. गाल, हनुवटी, काही सुटलं नाही. दोन स्थळं त्यावरूनच परत गेलेली. एकदा कर्जतहून एक काका लेकीला घेऊन आले, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि लेकीला म्हणाले, "चल बये. हितं कामाला असून हिचं जाईना, तुजं काय जानार?"

गेले की हो! मला काउंटरखाली शिरावंसं वाटलं. मॅडमनी त्याच दिवशी मला माझाच केसपेपर काढायला लावला आणि गोळ्या सुरू केल्या. माझ्या हातानं माझं नाव लिहिताना इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

पण लाजेत मी एकटी नाही. इथं माणसं चोरासारखी येतात. एका शिक्षिकाबाईंनी नाव दिलं संगीता. नंबर आल्यावर मी ओरडतेय, "संगीताताई! ओ संगीताताई!" कुणी उठेना. बाई समोरच बसून इकडंतिकडं बघतायत, कोण ही बावळट संगीता म्हणून. शेवटी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, तुम्हीच."

कानापर्यंत लाल झाल्या. "अगं बाई! नणंदेचं नाव दिलेलं, विसरलेच!"

मॅडम रोज तेच समजावतात. वयात आलं की हार्मोन्समुळं चेहऱ्याच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात आणि फोड सुजतो. पोटातली उष्णता नाही, घाणेरडेपणा नाही. तोंड घासायचं नाही, फोड फोडायचे नाहीत, औषधाला दोन-तीन महिने द्यायचे. माणसं मान हलवतात आणि घरी जाऊन स्वतःचं डोकं चालवतात.

एका आईला सांगितलं, लेकीच्या केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नका. पुढच्या वेळी पोरीचं कपाळ दुप्पट भरलेलं! मॅडम म्हणाल्या, "तेल थांबवलं नाही का?"

"थांबवायचं कशाला? उतरू नये म्हनून रोज राती तिच्या बापाचं उपरनं कचकचून बांधते की!"

पोरगी मान वर करेना. माझीही होईना, कारण मला हसू आवरत नव्हतं.

अकोल्याकडचा एक पैलवानी अंगाचा पोरगा आला. पाठ आणि खांदे फोडांनी लालबुंद. मॅडमनी विचारलं, "जिममध्ये पावडर, इंजेक्शन काही?" वडील छाती फुगवून म्हणाले, "छ्या! आमचा गडी निस्तं दूध पितो. घरच्या म्हशीचं." वडील फोन घ्यायला बाहेर गेले तसा पोरगा पुटपुटला, "मॅडम, म्हशीचं काय न्हाई ह्यात."

आणि एक नवी नवरी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करायची क्रीम लावून तोंड आधी काचेसारखं झालेलं, क्रीम संपली तशी आग आणि फोड. असल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, मॅडमला बघताक्षणी कळतं. "कुणी दिली ही?"

"थोरल्या जाऊबाईंनी."

"त्यांना आधी घेऊन या इथं!"

"बाहेरच हायेत. त्यांचा नंबर माज्यानंतर हाय."

आता खरा किस्सा. परवा मला बघायला पाहुणे आले. माझ्या गालांवरचे फोड अजून पुरते बसलेले नाहीत. मावशीनं पावडर थापली होती, ती घामानं ओघळायला लागली. पोह्यांची डिश ठेवताना मुलाकडं बघितलं. ते डोळे मला माहीत होते! दर महिन्याला दवाखान्यात येणारा, डोळ्यांपर्यंत रुमाल बांधून कोपऱ्यात बसणारा, मॅडमसमोर गेल्यावरच रुमाल सोडणारा. आज तोंड स्वच्छ. त्यानंही मला ओळखलं, पोह्यांत बघत बसला.

मुलाची आई माझं तोंड निरखून म्हणाली, "पोरगी गुनाची हाय, पन तोंडावर लईच हाय वो. आमच्या खानदानात असलं कुनाला न्हाई. आमच्या पोराला बघा, एक डाग न्हाई! साधी क्रीम म्हनून लावली न्हाई कधी."

बाबांनी मान खाली घातली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. एक शब्द बोलले असते तर बाईंचं तोंड बंद झालं असतं, पण तो शब्द दवाखान्यातला होता. ओठ गच्च मिटून घेतले.

मुलाचे मामा खाकरले. "चला, आता पोरीला काय इचारायचं तर इचार बाबा."

त्यानं डिश खाली ठेवली. आईकडं बघितलंच नाही. घसा साफ करून मला म्हणाला,

"तुमची गोळी सकाळी असते का रात्री? माझी रात्री असते."