बहरीनमध्ये भेटलेला हाकोक

विमान खाली झुकलं आणि किनाऱ्याचं हिरवट, उथळ पाणी दिसलं, तेव्हा शेजारच्या बाईला मी सांगून टाकलं, "आमच्या मालवणचा समुद्र याहून खोल आहे." ती केरळची होती, तिला काही कळलं नाही. मला मात्र बरं वाटलं.

मी लेकीकडे, स्मिताकडे, निघाले होते. बहरीनच्या माहूज भागात तिचा फ्लॅट आहे. जावई बँकेत, नात इरा शाळेत. इराला माझं सगळं मराठी समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. पहिले काही दिवस एसीत कुडकुडण्यात गेले.

मग स्मिता मला जिदहफ्सच्या बाजारात घेऊन गेली. मासळीच्या गाळ्यावर चनाद (आपली सुरमई) अशी चमकत होती, की मी पदर खोचूनच उभी राहिले. आमचं बोलणं ऐकून विकणारे हसनभाई हसले.

"काकी, गाव कुठला?"

"मालवण. तुमचं?"

"रत्नागिरी. मंग शेजारीच की! आन् ऐकलात काय? आपल्या नेव्हीचा जहाज येतोय शुक्रवारी. लोकांना बघाया सोडणार, इंशाल्ला."

मी इतकी हरखले, की मासळीची पिशवी तिथेच विसरत होते. आमचे हे नेव्हीत होते, इंजिनरूममध्ये. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. स्मिताने मात्र तोंड फिरवलं. "मी येणार नाही," ती म्हणाली.

तिचा राग जुना. ती रांगत होती, तेव्हा हे रशियात गेले, नेव्हीसाठी जहाज आणायला. त्या काळी पाश्चात्त्य देश आपल्याला धड लढाऊ जहाजं देत नव्हते. रशियाने दिली, आणि तीही रुपयांच्या व्यवहारात. इकडून चहा, बूट, टॉवेल जायचे. तिकडून जहाजं, विमानं, यंत्रं यायची. ती चालवायला शिकण्यासाठी आपली माणसं तिथे बर्फात जाऊन राहायची. हे परतले तेव्हा स्मिता दुडूदुडू धावत होती, आणि तिने त्यांना 'काका' म्हटलं. तो शब्द ह्यांना जन्मभर लागून राहिला. बापलेकीत जे अंतर पडलं, ते कधी पुरतं भरलं नाही.

जेवताना जावई म्हणाला, "आई, रशियाने आपल्याला भंगारच खपवलं हो."

मी डाव खाली ठेवला. "त्या भंगारावर माझा नवरा उभा होता," म्हटलं. "आणि स्मिता, तू त्यांच्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी चल. ते जगले त्या जगात तुला एकदा उभी बघायचीय मला."

ती हो म्हणाली नाही. पण शुक्रवारी गाडीची किल्ली तिनेच उचलली.

जुफैरचे टॉवर आणि परदेशी नौदलाचा तळ मागे टाकून आम्ही बंदरावर पोचलो. जहाज राखाडी, नवंकोरं, आणि आपल्याच देशात बांधलेलं! दुसऱ्याकडून घेऊन आपण शिकायला लागलो आणि आता स्वतः बांधतो. ऊर भरून आला माझा. स्मिता मोबाईलमध्ये डोकं घालून होती.

डेकवर आग विझवण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पाइप कुणाच्या तरी हातून सुटला आणि माझं इरकल निऱ्यांपर्यंत चिंब झालं. एक पोक्त नौसैनिक ओरडला, "अरे, हाकोक बंद कर! हाकोक!"

स्मिताचा मोबाईल खाली आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

हाकोक म्हणजे आमच्या विहिरीवरचा पंप. "हाकोक सुरू कर गो," असं हे अंगणातून ओरडायचे. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे मला तो मालवणी शब्दच वाटला. करूक, जावक, तसा हाकोक. गावातल्यांना वाटायचं, नेव्हीतला असेल.

"माफ करा हं मावशी," तो नौसैनिक जवळ आला. कराडकडचा होता.

"हाकोक म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"पंप. रशियनमध्ये नासोस म्हणतात. पण त्यांची अक्षरं अशी, की इंग्रजी समजून वाचलं तर हाकोक होतं. जुन्या रशियन जहाजावर एक मालवणी चीफ होते. शिकवणाऱ्या रशियन उस्तादाने विचारलं, पंपाच्या पाटीवर काय लिहिलंय? चीफ ठणकावून म्हणाले, हाकोक! उस्ताद हसून हसून खाली बसला म्हणे. तेव्हापासून जहाजं बदलली, माणसं बदलली. इथे तर एक रशियन अक्षर नाही, तरी पंप हाकोकच. सावंत चीफ म्हणायचे त्यांना."

मी तोंड उघडणार, तोच स्मिता पुढे झाली.

"ते माझे बाबा," ती म्हणाली.

त्याने टोपी सारखी केली, वरून परवानगी काढली आणि आम्हाला खाली पंपापाशी नेलं. स्मिताने त्या लोखंडावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

आता मालवणला परतलेय. इतकी वर्षं मला वाटायचं, पेन्शन सोडली तर ह्यांनी मागे काही ठेवलं नाही. एक चूक ठेवून गेले, आणि ती अजून नोकरीवर आहे! परवा व्हिडिओ कॉलवर इरा कोरड्या नळाकडे बोट दाखवून सांगत होती, "आजी, नो वॉटर! अवर हॅकॉक इज खलास!"

मागून स्मिताचा आवाज आला, "हॅकॉक नाही गं, हाकोक. नीट म्हण. माझ्या बाबांचा शब्द आहे तो."